खुर्चीवरचा रुमाल

...आन् परत परत त्योच सवाल, आवं, शिक्षान कशासाठी असतंय? तुमी शिकल्याली मानसं, तुमीच सांगा.

तर आटपाडीकडच्या माळाला एक हुती रंगुबाई, म्हंजी मीच, हयात मेंढरामागं गेल्याली, साळंची पायरी न चढल्याली; आन् तिची एक नात पल्लवी, डीएड, बीएड, आनि काय काय, कागदांनी पिशवी फुगल्याली. मास्तरीन व्हायला तिनं तीन ठिकानी मुलाकत दिली, तिन्ही ठिकानी ह्योच सवाल. पयल्यांदा म्हनली, सर्वांगीन इकासासाठी. सायबानं जांभई दिली. दुसऱ्यांदा खरं बोलली, नोकरीसाठी; त्यो सायेब रागावला. तिसऱ्यांदा नुसती रडली. चौथं बोलावनं साताऱ्याचं आलं तवा म्हनली, "आजी, ह्या खेपंला न्हाई जमलं तर हे कागद चुलीत." मी म्हनलं, चल, मी येते संगं.

तितं भायेर बाकावर बसलो. पोरगी झेराक्स काढायला गेली आन् शिपायानं नेमकं तिचंच नाव पुकारलं. आता तुमी काय केलं असतं? एष्टीत खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात का न्हाई? तसं मी आत गेले, पदर सारखा केला, खुर्चीवर बसले. समोर साळंच्या संस्थेचं तिघं: मिशीवालं रिटायर सुभेदार, एक चष्म्याच्या बाई आन् एक कारखान्यातलं सायेब. सुभेदार एकदा कागद बघत्यात, एकदा मला. "पल्लवी आपणच?"

"ती येतीया. मी तिचा रुमाल हाय."

कुनी हसलं न्हाई. बसा म्हनले. मला गप बसवंना, म्हनलं, आवं, शिक्षान कशासाठी असतंय? समद्यांस्नी इचारताय, तवा तुमास्नी ठावं आसंलच.

सुभेदार म्हनले, शिस्तीसाठी. बाई म्हनल्या, छे, संस्कारासाठी. सायेब म्हनले, ते सगळं राहू द्या, पोटासाठी. झालं... सुभेदारांनी टेबल बडवलं, बाईंनी चष्मा काढून ठिवला, चहावर साय धरली. बारा वर्सं संगं बसून लोकांच्या मुलाकती घेत्यात, पर एकमेकास्नी कवा इचारलंच न्हवतं!

तेवढ्यात पल्लवी आली घामाघूम, मला खुर्चीवर बघून पांढरीफट पडली. मी उठले, जागा दिली. तिघंबी एकदम तिच्याकडं वळले, तू सांग, शिक्षण कशासाठी? पोरगी दमल्याली, तिनं हात टेकलं.

"मला नाही माहीत, सर. वर्गात गेल्यावर पोरांनाच विचारीन."

तिघांनीबी माना हलवल्या. त्या दिवसात तिघांस्नी मान्य झाल्यालं तेवढंच एक उत्तर, दुसरं करत्यात काय? पोरीला कामावर घेतलं.

धा दिसांनी तिचा फोन. म्हनली, आजी, आज एका पोरीनं उभं राहून इचारलं, बाई, शिकायचं कशासाठी? मी मेंढरं सोडून खाली बसले, फोन कानाला घट धरला, म्हनलं आता तरी कळंल.

"मग तू काय सांगितलंस गं?"

"गप बस म्हनले. पोर्शन ऱ्हायलाय."

तर अशी रंगुबाईच्या घरात मास्तरीन झाली... अगदी पक्की.