दुसरी सही

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या कारखान्याच्या व्यवस्थापक विद्या मॅडम, व्यासपीठावर बसलेले, हार घालून घ्यायला शेवटपर्यंत नकार देणारे आपले चंद्रकांत सर, त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी धनश्रीकाकू, मसाटच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून थेट आमलीच्या या सभागृहात आलेले सहकारी, आणि मागच्या रांगेत अवघडून बसलेले माझे आईबाबा, सर्वांना माझा नमस्कार.

मी तेजस्विनी. सरांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम करते. भाषण लिहून आणलं आहे आणि चार वेळा तपासलं आहे. सर हसताहेत, कारण मी कुलूपही दोनदा ओढून बघते हे त्यांना माहीत आहे.

सरांच्या बत्तीस वर्षांच्या सेवेबद्दल मॅडम बोलल्याच. मला फक्त सरांच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. ते राहून गेलंय.

सर देव मानत नाहीत, मी ख्रिस्ती. त्यामुळे चहाच्या वेळी आमच्या टेबलावर काय चालायचं, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. "मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला म्हणे. कुणी तपासलं? चार जणांनी हकिकत लिहिली, पण चौघांची जुळते कुठे? एक म्हणतो थडग्यापाशी एक बाई गेली, दुसरा म्हणतो तीन. असे रिपोर्ट लॅबमध्ये आले तर मी फाडून टाकीन." आणि मग शेवटचा प्रश्न, "तुला घरी शिकवलं म्हणून तू मानतेस. दुसऱ्या घरी जन्मली असतीस तर?"

हा प्रश्न मला लागला, कारण तो खरा होता. बाबांच्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अक्षरं, पाढे, प्रार्थना, सगळं आईबाबांनीच शिकवलं. मग यातलं माझं काय?

आता फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगते, आमच्याकडे प्रत्येक बॅच दोघांनी वेगवेगळी तपासायची असते. नळीतून थेंब थेंब सोडायचा, द्रावण गुलाबी झालं की आकडा लिहायचा. एकाची पहिली सही, दुसऱ्याची दुसरी. त्या दिवशी माझ्या जोडीला असलेल्या सुमितचा आकडा आला अठरा पूर्णांक चार. माझा आला अठरा पूर्णांक सात. एवढा फरक चालतो. पण दारात ट्रक उभा, आणि सुमित म्हणतोय, "ताई, गाडी खडी आहे, जल्दी करा ना!" मला वाटलं, माझंच चुकलं असणार. मी अठरा पूर्णांक चार लिहिलं आणि सही केली.

रात्रभर झोप नाही. सकाळी सरांपुढे उभी राहून सांगून टाकलं. सर म्हणाले, "मला शंका आलीच होती. गुलाबी कुठे सुरू होतो, हे दोन जोडी डोळ्यांना एकाच थेंबाला दिसत नाही. आकडे इतके जुळले की मला भीती वाटते. कुणीतरी नक्कल केलेली असते." माल परत तपासला, तो चांगलाच निघाला. पण माझी दुसरी सही सरांनी काढून घेतली. बेमुदत.

आठवड्याने मी धीर करून विचारलं, "सर, मग ती थडग्यापाशी गेलेल्या बायांची संख्या? तीही जुळत नाही."

सरांनी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आण त्या चारही हकिकती." दोन महिन्यांनी परत दिल्या. जिथे जिथे फरक, तिथे पेन्सिलीची खूण. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "नक्कल नाही. पण नक्कल नाही म्हणजे खरंच, असंही नाही."

मान्य आहे, सर. तिथे जाऊन मी तपासू शकत नाही. पण त्या बायका घाबरलेल्या होत्या, हेही तिथेच लिहिलं आहे. बाईची साक्ष धरत नसत अशा काळात, कुणाला गोष्ट रचायची असती तर त्याने अशा साक्षीदार निवडल्या असत्या का? आणि घाबरलेला माणूस काय करतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याशी जुळवतो. त्यांच्या हकिकती कुणीही जुळवून घेतल्या नाहीत. मी विश्वास ठेवते तो इथून.

आणि घरी शिकवलं, हो, शिकवलं. थेंब मोजायलाही तुम्ही शिकवलंत, म्हणून तो आकडा खोटा होत नाही. आईबाबांची पहिली सही होती. दुसरी माझी, आणि ती स्वतः बघूनच करायची होती. एवढं कळायला मला फेब्रुवारी लागला.

काल सरांची शेवटची बॅच होती. सुमित सहीला पुढे झाला, तर सर म्हणाले, "थांब. तेजस्विनी, तू बघ." सरांचा आकडा एकवीस पूर्णांक सहा, माझा एकवीस पूर्णांक नऊ. मी नऊच लिहिला.

"हं," सर म्हणाले, "तुझा गुलाबी माझ्यापेक्षा उशिरा होतो." आणि वही माझ्याकडे सरकवली.

दारापाशी थांबून म्हणाले, "त्या थडग्याचं मला अजून पटलेलं नाही हं."

"माहीत आहे, सर."

"पण त्या सकाळी तिथे नक्की काय झालं असेल, हे डोक्यातून जात नाही."

सर, माझ्याही जात नाही.

मॅडम, मला बोलू दिलंत, आभारी आहे. काकू, आता चहाच्या वेळचे प्रश्न तुमच्या वाट्याला, सांभाळून घ्या. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर उदार मनाने क्षमा करा. आणि सर, तुमच्या-माझ्या आकड्यात अजून फरक असेल, तर तो खोडू नका. तसाच राहू द्या.