छतावरचा पत्रा

डागडुजी होऊन पुन्हा उघडलेल्या जुन्या कचेरीत रांग लागली होती. छताच्या काचेतून ऊन थेट फरशीवर उतरलं होतं. रांगेत एका नर्सच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

“अहो, माझं टेबल बरोब्बर इथंच होतं. तीस वर्षं भरदिवसा दिवा लावून बसले मी. वर काच आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं!”

“मला होतं.”

“तुम्हाला कसं?”

“इथला सुतार कोण होता? काच गळायला लागली म्हणून मीच वरून पत्रा ठोकला. दोन दिवसांपुरता.”

“दोन दिवस?”

“मग कुणी विचारलंच नाही. मीही विसरून गेलो.”

“आणि लग्नानंतर? माझ्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढायचा, तेव्हा?”

“तेव्हा आठवायचं गं. पण सांगायची लाज वाटायची.”

बाईंनी जाड भिंगांचा चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावून वर पाहिलं. रांग पुढे सरकली.

“अगं, चल. आपला नंबर आला.”

“येऊ दे.”

“रागावलीस?”

“ते घरी गेल्यावर बघते.” बाई मागच्या नर्सकडे वळल्या. “ताई, तुम्ही व्हा पुढे. मी जरा माझ्या टेबलापाशी थांबते.”