वामनभाऊंची चक्री आणि वहिनींचा ब्रश

परवा आमच्या कुडवा गावातल्या किराणा दुकानात दोघी बोलून राहिल्या होत्या, "वामनभाऊंच्या घरी भांडण पेटलं. एक जण घराबाहेर..." मला पाहून गप्पच झाल्या. वामनभाऊ माझे सख्खे शेजारी. साखर तिथंच टाकून मी त्यांच्या अंगणात.

वहिनी चूळ भरत होत्या. पायरीवर भाऊ, मांडीवर मासे धरायची काठी.

"काऊन जी वहिनी, काय झालं?"

"यायलेच विचारा! इटियाडोह धरणावरून मासे धरून आले, अन् काठीच्या दोरा गुंडाळायच्या चक्रीतली रेती माझ्या दात घासायच्या ब्रशनं काढली. वरून ब्रश परत गिलासात ठेवला!"

"रेती राहिली तं चक्री जाम होते," भाऊ पुटपुटले. "अन् मऊ ब्रश तुझाच होता."

"आता या घरात मी राहीन, नाही तं ही काठी! बोला!"

भाऊंनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा काठीकडे, मग परत वहिनींकडे.

"एवढा इचार कायले लागते जी?" वहिनी कडाडल्या.

तर बातमी अर्धीच खरी निघाली. घराबाहेर पडली ती काठी. सध्या ती माझ्या दाराआड उभी आहे, भाऊ रोज चक्री पुसायला येतात, आणि आमच्या घरचे ब्रश मी कपाटात कुलूप लावून ठेवते.