बारा तारखेच्या आतले

तानाबाई : आज पाच डिसेंबर. खरेदी केंद्राच्या बाबूनं हातानं लिहून देल्लेल्या चिठ्ठीवर पाच तारीख. कापूस भरेल गाडी गेटावर उभी हाय. अन् तू म्हनतं, यादीत नाव नाही?

मिताली : नाव आहे, आजी. पण कंप्युटरनं तुमचा नंबर बारा मेला लावलाय.

तानाबाई : मे! तवापर्यंत घरात ठेवला त पिवळा पडन, उंदरं त्यात पिल्लं घालतीन. कोन्या व्यापाऱ्यानं सांगतलं तुले, माही चिठ्ठी मांगं टाकाले?

मिताली : कोणीच नाही. मी बनवलेल्या प्रोग्रामनं ही यादी लावली.

तानाबाई : म्हंजे तूच. मंग देवरावची तेरा तारीख कशी बरोबर आली? त्याचा साळा दलाली करते, सारं मारेगाव जानते. उत्तमसिंगची वीस, तेबी बरोबर. माही अन् इंदुताईचीच काहून चुकली?

मिताली : इंदुताईंची कोणती?

तानाबाई : सात.

मिताली : (पडद्यावर यादी सरकवत) पाच... सात... नऊ... आजी, बारा तारखेच्या आतले सगळेच गेलेत.

तानाबाई : गेले कुठी?

मिताली : पुढच्या महिन्यांत. मी प्रोग्राम लिहिला ती भाषा अमेरिकेतली. तारीख वाचण्यासारखी कामं तिच्यासोबत तयारच मिळतात. पण तिकडे महिना आधी लिहितात, दिवस मागून. आपली मराठी पद्धत तिच्यात टाकलेलीच नाही. तुमचं पाच-बारा तिनं पाचव्या महिन्याची बारा तारीख वाचलं. चिठ्ठीवर वर्ष नाही, म्हणून तिनं पुढचा मे धरला. तेरावा महिना नसतो, म्हणून देवरावांचं उलटलं नाही.

तानाबाई : लिहिलं तू, अन् दोष अमेरिकेले! इथली मानसं तारीख कशी लिहितात, तुले ठाव नोयतं?

मिताली : होतं. पण वीस तारखेची एक चिठ्ठी टाकून पाहिली, बरोबर आली. वाटलं, झालं.

तानाबाई : शितावरून भात पाह्यला, अन् शित दुसऱ्याच्या गंजातलं!

मिताली : तुमचं नाव आत्ता हातानं वर घेते. गाडी आत लावा.

तानाबाई : अन् इंदुताई? बाकीचे?

मिताली : सगळी यादी बदलायची तर साहेबांना सांगावं लागेल. त्यांची सही झाली आहे. माझं पहिलंच काम आहे, आजी. काढून टाकतील.

तानाबाई : म्हनून मले गुपचूप आत घेऊन राह्यली. उद्या गाव म्हनन, तानाबाईनं पोरगी फितवली. देवरावच्या रांगेत मले नको बसवू.

मिताली : मग गाडी परत नेता?

तानाबाई : परत कायले? गेटासमोरच बैलं सोडतो. माही गाडी हालत नाही, त मांगची कोनाचीच हालत नाही.

मिताली : ...बरं. जाते मी साहेबांकडे.

तानाबाई : थांब. मीबी येतो.

मिताली : अजून विश्वास नाही?

तानाबाई : नाही. चाल. बोलाचं तू. मी नुसती तुह्या बाजूले उभी रायतो.