भिंतीआडून पाणी मागणारं

मंडळी, एक विचारतो. खरं सांगायचं हं! घरातलं म्हातारं माणूस तेच तेच बोलायला लागलं की आपण काय करतो? ऐकतो? — की "बरं बरं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतो? हसू नका! ऐका.

निलंग्याकडचं एक गाव. तिथं महानंदा बिराजदार नावाची सून. नवरा शिवलिंग. सासू निलव्वा — दोन्ही कानांनी ठार बहिरी. वीज रोज सहा तास गायब! म्हणून शिवलिंगनं इन्व्हर्टर आणला, दोन मोठ्या बॅटऱ्या आणल्या, जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवल्या. उंदीर वायर कुरतडतात म्हणून पुढं प्लायवूडचं दार ठोकलं, फटींत चिंध्या कोंबल्या. बसवणारा बजावून गेला होता, "बॅटरीचं पाणी बघत जा, हवा खेळती ठेवा."

शिवलिंग म्हणाला, "चोवीस व्होल्ट तर आहे! हात लावला तरी झटका नाही. त्याला काय भ्यायचं?"

आपलंही असंच! जे अंगावर धावून येत नाही, त्याला आपण मोजत नाही.

चैत्र सरला. एका दुपारी निलव्वा खाटेवर उठून बसली. खाट कोनाड्याच्याच भिंतीला लागून. म्हणाली, "महानंदा, आत कुणीतरी पाणी मागतंय गं."

बहिरी बाई — आणि तिला ऐकू आलं!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मग घरात वास सुटला, कुजक्या अंड्यांचा. निलव्वाच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी — आठ दिवसांत काळीठिक्कर! महानंदानं भिंतीला कान लावला. आतून... गुळ्ळ... गुळ्ळ... मरणाऱ्याच्या घशात घोट अडकावा तसं!

"अहो, आत काहीतरी आहे!"

शिवलिंग पांढराफटक. का? त्याच्या बापाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. म्हातारा "घोटभर दे रे" म्हणत म्हणतच गेला. ह्यानं दिलं नाही. चुकला नव्हता तो! पण मन मानतं का, मंडळी?

"आईचं डोकं फिरलंय," एवढंच तो बोलला, आणि गावातल्या जाणत्याला घेऊन आला — केरबाला. केरबानं डोळे मिटले. "तहानलेला जीव आहे. दार उघडायचं, आत कापूर पेटवायचा!"

सोमवार. भर दुपार. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. शिवलिंगच्या हातात कापराची ताटली, काडेपेटी. महानंदानं दाराला हात लावला — दार तापलेलं! तापानं फणफणलेल्या अंगासारखं! शिवलिंगनं काडी काढली...

निलव्वा भिंत धरधरत आली. लेकाचं मनगट घट्ट पकडलं.

"विस्तव नको रे! पाणी मागतंय त्याला पाणी द्या!"

"हात सोड, आई!"

एकीकडं नवरा आणि जाणता. दुसरीकडं बहिरी म्हातारी. तुम्ही कुणाचं ऐकलं असतं?

महानंदाला बसवणाऱ्याचे शब्द आठवले — पाणी, हवा! तिनं काडेपेटी हिसकावली — अंगणात भिरकावली! ओटीवरचा मेन स्विच पाडला, घरातली दारं-खिडक्या सताड उघडल्या, आणि तालुक्याच्या इन्व्हर्टरवाल्या मिस्त्रीला फोन केला.

यासीनभाई आला. दार काढलं. बॅटऱ्या फुगलेल्या, पाणी आटलेलं, उरलंसुरलं आतल्या आत उकळत होतं! त्याची नजर कापरावर गेली आणि त्यानं आधी ती ताटली उचलून अंगणात नेऊन ठेवली.

"भाभी, कोंडलेल्या बॅटरीचा वायू साठतो. काडी ओढली असती तर भिंत गेली असती. पलीकडं खाट कुणाची?"

"आत्याबाईंची. त्यांनीच सांगितलं, पाणी मागतंय म्हणून. कसं कळलं असेल?"

"पाठीला थरथर लागली असेल."

"थरथर कळेल हो. पाणी कसं कळलं?"

यासीनभाई हत्यारं आवरू लागला. आणि मला विचाराल, मंडळी? मला नाही माहीत.

शिवलिंग आईच्या पायाशी बसला. "मी बापाला पाणी दिलं नाही गं," म्हणत राहिला. तिला ऐकू येत नव्हतं. ती त्याच्या ओठांकडं बघत राहिली, आणि तिनं हळूच त्याच्या केसांतून हात फिरवला.

आता तुम्ही उद्या उठून बॅटरीचं पाणी बघाल. बघाच! पण घरात कुणीतरी महिनोन्महिने एकच गोष्ट सांगतंय ना? त्याच्याजवळ बसा. आता धरा टाळ, घ्या देवाचं नाव! पण जरा हळू घ्या, बाबांनो — शेजारी बसलेला काय म्हणतो, तेही ऐकू आलं पाहिजे.