डावी झीज

संग्राहक – ...आणि ही निब काढून टाका. एका अंगाला घासलीय. त्याच सालातली कोरी मिळवलीय मी. रविवारच्या प्रदर्शनात वडिलांचं पेन मधोमध ठेवायचंय.

कारागीर – टोपण बदललंत, क्लिप बदललीत, आता निब. वडिलांचं मग यात उरलं काय? पोकळी?

संग्राहक – टोमणे नकोत. या पेनानं त्यांनी पाच पुस्तकं लिहिली.

कारागीर – तुमच्याकडे पेनं किती?

संग्राहक – दोनशे बारा.

कारागीर – आणि शाईच्या बाटल्या?

संग्राहक – शाई कशाला? डाग पडतात.

कारागीर – खरंय. पोहता न येणाऱ्यानं होड्या जमवाव्यात, तसं. बाई, तुम्ही उभ्या का? बसा. यांच्या कोण तुम्ही?

ताई – मोठी बहीण. पेन माझ्या कपाटात होतं, म्हणून आले. चालू द्या तुमचं.

कारागीर – (निब भिंगाखाली धरून) साहेब, वडील डावखुरे होते का हो?

संग्राहक – छे. उजव्या हातानं लिहायचे. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कारागीर – गावाला असेल. निबला नाही. ही वीसेक वर्षं डाव्या हातात होती. बघा, उलट्या बाजूनं झिजलीय.

संग्राहक – मग कुणाचं तरी जुनं घेतलं असेल.

ताई – कोरं होतं. मीच आणलं दुकानातून.

संग्राहक – तूच सांग यांना, ताई.

ताई – काय सांगू? लहानपणी तू मला काय म्हणून चिडवायचास, ते?

संग्राहक – डावरी... पण तू नुसती उतरवून घ्यायचीस ना? वडील सांगायचे, तू लिहायचीस.

ताई – वडील जेवून झोपायचे. उठले की सही करायचे.

संग्राहक – पाचही पुस्तकं?

ताई – नाही रे, पहिलं त्यांचंच. वाळवीनंसुद्धा अर्ध्यात सोडलं ते.

संग्राहक – इतकी वर्षं बोलली का नाहीस?

ताई – विचारलं कुणी? त्यांच्या सत्काराला मी दारात चपला सांभाळत होते. तू पहिल्या रांगेत होतास.

कारागीर – साहेब, बसवू का कोरी निब? दहा मिनिटांचं काम. ती बसली की वडील पुन्हा उजवे.

संग्राहक – तुम्ही जरा गप्प बसता का?

कारागीर – बसतो. पण हात थांबलाय माझा. बसवू की नको?

संग्राहक – ...नको. राहू द्या तीच.

कारागीर – दोनशे बारांत एक तरी लिहितं पेन निघालं म्हणायचं.

संग्राहक – ताई, काचेपुढच्या पाटीवर आता काय लिहू गं? चार ओळी सुचवतेस?

ताई – नाही, बाळा. एवढं तरी तुझं तू लिही.