बैठकीत मागितलेला स्कोर

हे आजवर मी कुणालाच सांगितलं नाय, बायकोलासुद्धा नाय. आमचं गाव जालन्याकडचं, मोसंबीची बाग वाळली तसं आम्ही शहरात आलो, पुंडलिकनगरात राहिलो, अन् मी एका फायनान्सच्या ऑफिसात कर्जाच्या नोंदी करायला लागलो.

भाचीच्या, मनीषाच्या लग्नाची बैठक माझ्याच घरी बसली. टँकर आला नव्हता, पाहुण्यांना अर्धा-अर्धा ग्लास पाणी दिलं, पण माझा तोरा काय सांगू तुम्हाला! हल्ली सोयरीक जुळवताना पगारासोबत कर्जाचा स्कोरबी बघतात, अन् मी पडलो फायनान्सवाला मामा, म्हणलो आधी पोराचा क्रेडिट रिपोर्ट दाखवा. पोरगा गणेश, चिकलठाण्याला कंपनीत, लई सरळ, त्यानं हसतच मोबाईल पुढं केला. त्यात मोटारसायकलचं थकलेलं कर्ज. मामा, मी तर सायकलवर कामाला जातो, असं म्हणला तो, अन् सगळे हसले. मी नोंद बघितली. आमच्याच ऑफिसची, माझ्याच हातची. तवा ध्यानात आलं, त्यांच्या गावात गणेश भाऊसाहेब नावाचे दोघं, आडनावबी एकच, अन् मी जन्मतारीख न बघता दुसऱ्याचं कर्ज याच्या नावावर चढवलं होतं.

तवाच बोलायचं होतं. पण सोयऱ्यांसमोर माझी चूक म्हणू कसा? उलट त्याच्या बापाला म्हणलो, भाऊसाहेब, कर्ज लपवायला पोराला तुम्हीच शिकवलं व्हय? म्हातारा पाणी न पिता उठला.

पोरानं रीतसर तक्रार टाकली. तो त्याचा हक्क, पैसाबी लागत नाय. रिपोर्टवाले कर्ज देणाऱ्याला विचारतात, महिन्यात निकाल द्यावा लागतो. विचारणा माझ्याच टेबलावर आली. फाईल न उघडता मी कळवलं, नोंद बरोबर आहे. मग पोरगं ऑफिसात आलं, म्हणलं मामा, आता दाद कुठं मागू? कर्जाच्या अशा तक्रारी ऐकायला वर लोकपाल असतो, हे मला पाठ होतं. मी म्हणलो, आधी कर्ज फेड बाबा.

फेडलं त्यानं, दुसऱ्याचं. पावती मीच दिली. तरी थकल्याचा डाग रिपोर्टवर राहिलाच, घराचं कर्ज मिळालं नाय, अजून भाड्याच्या खोलीत राहतो.

मनीषाला आम्ही चांगल्या स्कोरवाल्याला दिलं. तो हात उचलतो. दिवाळीला येते, बाही खाली ओढून पाया पडते, म्हणते मामा, तुमच्यामुळं त्या बुडव्याच्या घरातून वाचले. मी डोक्यावर हात ठेवतो, सुखी रहा म्हणतो.

नोकरी तीच, टेबल तेच. गणेशचे पैसे, चूक आमची होती असं लेखी, अन् मनीषाला खरं काय ते, एवढं माझ्याकडं अजून देणं आहे.